सुनावणी चालू असताना

स्टोनफर्ड गावच्या वीज कमिशनची बैठक महिन्यातून एकदा टाउन हॉलच्या बेसमेंटमध्ये भरायची, आणि ती ऐकायला गावातून एकच बाई यायची. टेबलाभोवती कमिशनर बसायचे, कोपऱ्यात कॉफी उकळून उकळून कडू व्हायची आणि लोकांसाठी मांडलेल्या घडीच्या खुर्च्यांमध्ये, मांडीवर कोट घेऊन, मृणालिनी घाटे एकटीच बसलेली असायची. पहिल्या वेळी अध्यक्षांना वाटलं, बाई चुकून आल्यात. त्यांनी अदबीनं सांगितलं, की इंग्रजीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे.

"माहीत आहे," मृणालिनी म्हणाली. "मी सबस्टेशनच्या विषयासाठी आले आहे."

किचनरहून गाडीनं तासाभराच्या आत असलेलं हे गाव. ऑन्टॅरिओतल्या अशा गावांत त्या काळी विजेचा कारभार गावाचाच असे, आणि तो बघणारे कमिशनर लोक मतं देऊन निवडत. मृणालिनीला यातलं चांगलंच कळत होतं. नागपूरला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करून ती बहात्तर साली नवऱ्याच्या मागोमाग कॅनडात आली आणि तेव्हापासून किचनरच्या एका कन्सल्टिंग फर्ममध्ये वीजवाहिन्यांचे आराखडे करत होती. नवरा, नंदकुमार, वॉटर्लूला विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचा. शहाण्णव साली एका सकाळी शिकवता शिकवता तो फळ्याजवळच कोसळला आणि गेला. मुलगी ईरा तेव्हा व्हँकूव्हरला शिकत होती. ती आली, राहिली, परत गेली. त्यानंतर मृणालिनी कमिशनच्या बैठकांना जायला लागली. सबस्टेशन हे निमित्त. महिन्यातली एक संध्याकाळ तरी माणसांच्या आवाजात जावी, इतकंच तिला हवं होतं.

हे ओळखलं फक्त पद्मजानं.

पद्मजा राजवाडे पलीकडच्याच गल्लीत राहायची. पुण्याची, मोठ्या आवाजाची, एका डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर बसणारी. तिचा नवरा विलासही विजेच्याच क्षेत्रातला इंजिनिअर, आणि त्यांना एक मुलगा. दोन्ही कुटुंबं एकाच सुमारास या गावात आली होती आणि मैलोगणती दुसरं मराठी घर नव्हतं. बर्फात गाडी घसरली तर ब्रेक दाबायचा नाही, हे मृणालिनीला पद्मजानंच रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये शिकवलं. ईरा झाली तेव्हा डिंकाचे लाडू तिनंच केले, डिंक कुठून पैदा केला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. नंदकुमार गेल्यावर ती रोज संध्याकाळी यायची, गप्प बसायची, स्वयंपाक करून झाकून ठेवायची आणि जायची. गप्प बसणं तिला अजिबात जमायचं नाही, म्हणून ते मृणालिनीच्या जास्त लक्षात राहिलं.

"तिकडे जाऊन नुसती ऐकत बसतेस ना?" एक दिवस पद्मजा म्हणाली. "मग टेबलाच्या पलीकडेच जाऊन बस की. निवडणूक आहे नोव्हेंबरात."

"मला कोण मत देणार बाप्पा?"

"मी देईन. विलास देईल. सुरुवात तर झाली."

सत्त्याण्णवच्या त्या शरद ऋतूत दोघी घरोघर फिरल्या. पद्मजा पुढे, दार उघडणाऱ्याशी हवापाण्याच्या, कुत्र्याच्या, गुडघेदुखीच्या गप्पा मारणार. मृणालिनी मागे, सबस्टेशन वृद्धाश्रमाला खेटून बांधणं चुकीचं का आहे ते समजावायला तयार. लोकांच्या अंगणांत नावाच्या पाट्या लागल्या. एका सकाळी पाहिलं तर इंग्रजीतल्या 'घाटे'मधलं पहिलं अक्षर कुणीतरी काळ्या रंगानं बुजवलं होतं. उरलेली अक्षरं वाचली की 'हेट' होत होतं. मेन स्ट्रीटवर, एका मागोमाग एक, द्वेष, द्वेष, द्वेष. मृणालिनीनं पाट्या उपटून गाडीत टाकायला सुरुवात केली. पद्मजानं तिच्या हातातून पाटी हिसकावली, घरून पांढऱ्या रंगाचा डबा आणला आणि दिवसभर वाकून वाकून प्रत्येक पाटीवर ते अक्षर पुन्हा काढलं, आधीपेक्षा मोठं आणि जरा वाकडं. ते वाकडं अक्षर बघायला लोक गाड्या थांबवायला लागले. बेकरीवाल्यानं आपण होऊन दुकानात पाटी मागून घेतली.

ती निवडून आली. थोड्या मतांच्या फरकानं, पण आली. सबस्टेशन वृद्धाश्रमाजवळून हललं. कमिशनवरची तिची तीन वर्षं तिला नंतर नेहमी आपली म्हणून आठवायची. कुणाच्या घराचा दिवा मिणमिणतो, कुणाच्या दारातला खांब कलला आहे, हे लोक ग्रोसरीच्या रांगेत सांगायचे आणि ती दुसऱ्या दिवशी जाऊन बघायची.

मग कायदा बदलला. दोन हजार साली प्रांतभरची निवडून दिलेली वीज कमिशनं मोडीत निघाली आणि त्यांच्या जागी कंपन्या आल्या. शेवटच्या बैठकीला अध्यक्षांनी केक आणला होता. लोकांच्या खुर्च्यांत पद्मजा होती, बाकी कुणी नाही.

दोन हजार तीनच्या ऑगस्टमध्ये सगळ्या प्रांताची वीज गेली. त्या संध्याकाळी मृणालिनीच्या ड्राइव्हवेमध्ये अख्खी गल्ली जमली, कारण काय झालं असेल हे तिलाच ठाऊक असणार असा लोकांचा समज होता. तिनं खडूनं ड्राइव्हवेवर आकृती काढून जाळं कसं कोसळत जातं ते समजावलं. स्थानिक वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. त्या फोटोमुळे की आणखी कशामुळे कोण जाणे, पण पुढच्या वर्षी टोरांटोहून फोन आला. वीज आणि गॅस कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या प्रांताच्या नियामक मंडळावर सदस्य म्हणून सरकार तिची नेमणूक करू पाहत होतं. कुठली वाहिनी कुठून जावी, कंपनीनं काय करावं, काय करू नये, याचा निवाडा करणारं ते मंडळ. एका परीनं न्यायाधीशाचंच काम.

पद्मजानं त्या दिवशी साखर वाटायच्या ऐवजी गल्लीत गाजराचा हलवा वाटला. "आमची मृणाल जज झाली," असं ती सगळ्यांना सांगत सुटली.

नियम पहिल्याच दिवशी सांगण्यात आले. मंडळासमोर येणाऱ्या कंपन्यांच्या माणसांकडे जेवायला जायचं नाही. त्यांच्याकडून पेनसुद्धा घ्यायचं नाही. चालू प्रकरणात उघड सुनावणीच्या बाहेर संबंधितांशी चकार शब्द बोलायचा नाही. मृणालिनीला हे सगळं रास्त वाटलं. तिनं टोरांटोत एक लहान कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, भाड्यानं घेतला. सोमवारी सकाळी जायची, शुक्रवारी परत यायची. लंचला बाकीचे सदस्य आपापल्या ठिकाणी पांगायचे. तळमजल्याच्या फूड कोर्टमध्ये वकील नि कंपन्यांची माणसं बसतात म्हणून ती तिकडे फिरकत नसे. ऑफिसचं दार लावून डबा खायची. लिफ्टमध्ये ओळखीचा चेहरा दिसला की लोक नजर चुकवत, कारण तेही नियम पाळत होते. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला एकदा गेली, तर वाढपाच्या रांगेत कुणाचा तरी भाचा वीज कंपनीत नोकरीला लावायची गळ घालण्यात आली. पुढच्या वेळी ती गेली नाही.

तरी शनिवार-रविवार होते. पद्मजा होती.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात विलासनं नोकरी बदलली. थॉर्नबँक पॉवर या कंपनीत तो नव्या वाहिन्यांच्या आखणीचा प्रमुख झाला. या वयात मिळालेली मोठी जागा. थॉर्नबँक म्हणजे मंडळासमोर सतत येणारं नाव. मृणालिनीनं अभिनंदन केलं आणि घरी येऊन बराच वेळ किचनच्या ओट्याशी नुसतीच उभी राहिली.

दिवाळीच्या आधी पद्मजाचा फोन आला. "शनिवारी फराळाला ये. आणि चकलीचा सोऱ्या घेऊन ये, माझा मोडलाय."

"पद्मा, मला येता येणार नाही."

"मग रविवारी ये."

"तसं नाही. विलास थॉर्नबँकमध्ये आहे. मला आता तुमच्याकडे जेवता-खाता येत नाही."

मग पद्मजा म्हणाली, "मी काय वीज विकते का गं?"

"तू नाही. विलास विकतो ना."

"बरं," पद्मजा म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून इतका लहान कधी निघाला नव्हता.

मृणालिनी सोऱ्या त्यांच्या दारात ठेवून, बेल न वाजवता परत आली. आत तिच्यासाठीही पाट मांडलेला असणार, हे तिला माहीत होतं. त्यानंतर भांडण असं झालं नाही. फोन कमी झाले, मग वाढदिवसापुरते उरले. ग्रोसरीत भेट झाली तर दोघी ईराबद्दल बोलायच्या, कारण तो विषय सुरक्षित होता. एकाच गावात, एका गल्लीच्या अंतरावर, दोघींचे केस पांढरे होत गेले.

दोन हजार आठच्या शेवटी थॉर्नबँकचा मोठा अर्ज आला. नव्या वाहिनीचे उंच टॉवर शेतांमधून न्यायचे होते. शेतकऱ्यांचं म्हणणं, वाहिनी रस्त्याच्या कडेनं न्या. मंडळात इंजिनिअर असलेली सदस्य मृणालिनी एकटीच, म्हणून प्रकरण तिच्या अध्यक्षतेखालच्या तीन जणांच्या पॅनेलकडे आलं. तिनं पहिल्याच दिवशी भर सभेत सांगितलं, की कंपनीचे साक्षीदार विलास राजवाडे आणि त्यांच्या पत्नी यांच्याशी माझी जुनी मैत्री होती, गेली काही वर्षं येणं-जाणं नाही, कुणाची हरकत असल्यास मी बाजूला होते. कुणीच हरकत घेतली नाही.

सुनावणी त्या शेतकऱ्यांच्याच टाउनशिपमधल्या, म्हणजे ग्रामीण तालुक्यातल्या, आइस हॉकीच्या रिंकशेजारच्या कम्युनिटी हॉलमध्ये हिवाळाभर चालली. शेतकरी कामाच्या बुटांनिशी यायचे, दाराशी बर्फ झटकायचे आणि भिंतीला टेकून ऐकायचे. त्यांच्यात हिल्डा ब्रूबॅकर नावाची सत्तरीची बाई रोज पुढच्या रांगेत असे. तिच्या शेतामागची मेपलची राई वाहिनीच्या वाटेत येत होती. तिच्या आजोबांपासून त्या झाडांचा रस काढून ते कुटुंब सिरप करत आलं होतं. साक्ष देताना ती एवढंच म्हणाली, "झाडं पुन्हा लावता येतात असं कंपनी म्हणते. लावा. रस यायला लागेल तेव्हा मी नसेन, माझी मुलगीही म्हातारी झालेली असेल."

विलासची साक्ष दोन दिवस चालली. तो मृणालिनीला 'मॅडम चेअर' म्हणत होता आणि ती त्याला 'मिस्टर राजवाडे'. दुसऱ्या दिवशी तो फार थकलेला वाटला. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. उत्तरं देताना दोनदा नकाशाचं पान चुकला. हा कधी चुकत नसे. पण विचारायचं कुणाला?

फेब्रुवारीत ईराचा फोन आला. ईरा इंग्रजीतच बोलायची, आई मराठीत. दोघींना तसंच सोयीचं होतं.

"मॉम, पद्मामावशी इज रिअली सिक. यू नो दॅट, राइट?"

"कसली आजारी?"

"ओ गॉड. नोबडी टोल्ड यू?"

स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. नाताळाच्या आसपास कळलं होतं. हातात महिने नव्हते, आठवडे होते. पद्मजानंच ईराला निरोप दिला होता, की आईला सांगू नकोस, तिची सुनावणी चालू आहे. पण ईराला ते पोटात ठेवणं जमलं नव्हतं.

मृणालिनी दुसऱ्या दिवशी मंडळाच्या वकील मिस कॉनली यांच्यासमोर जाऊन बसली. कॉनली तरुण होती, हुशार होती आणि मुळीच कठोर नव्हती. तिनं सगळं ऐकलं आणि सांगितलं, "तुम्ही पॅनेल सोडू शकता. पण तिसरे सदस्य आजारपणामुळे आधीच पॅनेल सोडून गेले आहेत. तुम्हीही गेलात, तर सुनावणी पहिल्यापासून. हिवाळाभर आलेले ते सगळे लोक पुन्हा येतील. सोडायचं नसेल, तर साक्षीदाराच्या घरच्यांना भेटू नका. नंतर निकाल कुठल्याही बाजूनं लागला, तरी लोक त्या भेटीकडेच बोट दाखवतील."

"ती मरते आहे," मृणालिनी म्हणाली.

"मला कळतंय. आय ॲम सो सॉरी."

ऑफिसचं दार लावून मृणालिनीनं त्या दिवशी डबा उघडलाच नाही. नंदकुमार गेला तेव्हा तिला निरोप घ्यायलाही मिळालं नव्हतं. आणि हे दुसरं माणूस जिवंत होतं, गाडीनं गाठता येण्यासारखं होतं, आणि मध्ये उभी होती ती तिची स्वतःची खुर्ची. जी खुर्ची, खरं पाहता, पद्मजानंच तिला दिली होती.

पुढच्या सुनावणीच्या सकाळी सगळे बसल्यावर मृणालिनीनं माइक जवळ ओढला. लघुलेखिकेनं बोटं सरसावली. शेजारी बसलेल्या हॅरॉल्ड या सहसदस्याला तिनं फक्त एवढंच सांगून ठेवलं होतं, की मला एक निवेदन करायचं आहे.

"साक्षीदार मिस्टर राजवाडे यांच्या पत्नी अखेरच्या आजारात आहेत," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटत होता. "त्या माझ्या मैत्रीण आहेत. मैत्री होती असं मी पहिल्या दिवशी म्हणाले, ते बरोबर नव्हतं. मला त्यांना एकदा भेटायचं आहे. या प्रकरणाबद्दल एक शब्दही बोलला जाणार नाही. कुणाचीही हरकत असली, तर मी जाणार नाही, आणि हरकत का घेतली असं कुणाला विचारणारही नाही."

विलास मान खाली घालून टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होता. कंपनीच्या वकिलानं उठून सांगितलं, आमची हरकत नाही. शेतकऱ्यांचा वकील मात्र गडबडला. त्यानं अशिलांशी बोलायला वेळ मागितला, तेवढ्यात पुढच्या रांगेतून हिल्डा ब्रूबॅकर उभी राहिली.

"यात बोलायचं काय आहे?" ती आपल्या वकिलालाच म्हणाली. मग मृणालिनीकडे वळली. "गो सी युअर फ्रेंड."

लघुलेखिकेनं तेही टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मृणालिनी किचनरच्या हॉस्पिटलात गेली. विलास ठरवूनच कॉफी प्यायला खाली गेला होता. पलंगावरची पद्मजा इतकी लहान दिसत होती, की आधी मृणालिनीची नजर तिच्यावरून पुढेच गेली.

"मिळाली परवानगी?" पद्मजानं विचारलं. आवाज बारीक झाला होता, पण धार तीच होती.

"मिळाली."

"सगळ्यांसमोर मागितलीस म्हणे. विलासनं सांगितलं. एवढ्या लोकांसमोर माझं आजारपण."

"दुसरा मार्ग नव्हता गं."

"असतो. दार ढकलायचं आणि आत यायचं. मी तुझ्याकडे तशीच यायचे."

मृणालिनी पलंगाशेजारी बसली. पद्मजानं डोळे मिटून घेतले. रागावली आहे की दमली आहे, कळत नव्हतं. खूप वेळानं तिनं डोळे न उघडताच विचारलं, "ईराचं लग्न ठरतंय का काही?"

"कुणीतरी आहे वाटतं. निहार म्हणून. सांगत नाही अजून नीट."

"मला सांगितलंय," पद्मजा म्हणाली. ओठांच्या कडेला तिचं जुनं हसू येऊन गेलं. "चांगला आहे मुलगा. भात करता येतो त्याला. तू फार प्रश्न विचारू नकोस त्याला, सुनावणी घेतल्यासारखी."

दोघी हसल्या. मग मृणालिनी रडली आणि पद्मजा तिच्या हातावर हात ठेवून पडून राहिली. विलास परत आला तेव्हा मृणालिनी कोट घालत होती. दोघं दारात एकमेकांसमोर आले, दोघांनी मान हलवली आणि बोलले नाहीत.

मार्चमध्ये पद्मजा गेली. अंत्यसंस्काराला मृणालिनी शेवटच्या रांगेत बसली आणि लोक विलासला भेटायला उठायच्या आत बाहेर पडली, कारण सुनावणीतले युक्तिवाद अजून व्हायचे होते.

निकाल लिहायला ती आणि हॅरॉल्ड वसंतात बसले. मृणालिनीला आतून फार वाटत होतं, की रस्त्याची बाजू खरी निघावी. कंपनीविरुद्ध निकाल गेला असता, तर तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. मेपलची राई वाचली असती. हिल्डासमोर ताठ मानेनं जाता आलं असतं. तिनं नकाशे पुन्हा पुन्हा काढले. पण रस्त्याच्या कडेची जमीन दलदलीची होती, आणि त्या दलदलीतूनच खालच्या वस्तीच्या विहिरींना पाणी जात होतं. टॉवरचे पाये तिथे खोल घालावे लागले असते. शेतकऱ्यांच्याच तज्ज्ञानं उलटतपासणीत हे कबूल केलं होतं. कितीही वेळा वाचलं, तरी ती साक्ष तिथेच होती.

"तुला वाटत असेल तर मी एकटा लिहितो," हॅरॉल्ड म्हणाला. "तू नुसती सही कर."

"नको," मृणालिनी म्हणाली. "मीच लिहिते."

वाहिनी शेतांमधून जाईल, असा निकाल लागला. राईतली झाडं शक्य तितकी कमी तोडावीत, टॉवरची जागा सरकवावी, अशा अटी तिनं घातल्या. काही झाडं वाचली, बरीचशी जाणार होती.

चार दिवसांत वर्तमानपत्रात बातमी आली. साक्षीदाराच्या घरच्यांना भेटलेल्या अध्यक्षांनी कंपनीच्या बाजूनं निकाल दिला, एवढंच मथळ्यात होतं. भेट सर्वांच्या संमतीनं झाली, हे शेवटच्या परिच्छेदात होतं. शेतकरी वरच्या कोर्टात गेले. कोर्टानं निकाल कायम ठेवला, पण त्याची बातमी आतल्या पानावर आली. मंडळात कुणी काही बोललं नाही. लिफ्टमध्ये आधीही कुणी बोलत नव्हतं; आता त्या न बोलण्याला वेगळं वजन आलं.

कोर्टाचं सगळं संपल्यावर विलासचा फोन आला. कित्येक वर्षांनी तो फोनवर 'मृणाल' म्हणाला.

"मला एवढंच सांगायचं होतं," तो म्हणाला. "तू पद्मजासाठी जे केलंस ते मी विसरणार नाही."

"भेटायला आले, त्याबद्दल म्हणतोस?"

"तेही. आणि निकालही. मला माहीत आहे तुला ते किती जड गेलं असेल."

मृणालिनीनं डोळे मिटले. "विलास, निकाल पद्मजासाठी नव्हता. दलदलीसाठी होता. तुझी साक्ष उलट तिथे कच्चीच होती. त्यांच्या तज्ज्ञाच्या बोलण्यावर तो लागला."

"हो, हो, तू तसंच म्हणायला पाहिजेस."

"म्हणायला पाहिजे म्हणून म्हणत नाहीये. खरंच तसं आहे."

"बरं," विलास म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं, हे फोनवरूनही कळत होतं. मेलेल्या बायकोच्या नावानं त्यानं जी शेवटची गोष्ट मनाशी धरून ठेवली होती, तीच तिनं काढून घेतली होती. ती गप्प राहिली असती तर चाललं असतं का, हे तिला पुढे कधी ठरवता आलं नाही. पण त्या वेळी तिच्याच्यानं राहवलं नाही, हे खरं. काही महिन्यांनी विलास घर विकून मुलाकडे कॅल्गरीला गेला. निघताना भेटायला आला नाही. शेजारणीकडे निरोप ठेवून गेला, एवढंच.

दोन हजार दहामध्ये मृणालिनीची मुदत संपली. ती वाढवून मिळाली नाही. तिनं मागितलीही नाही. टोरांटोचा कॉन्डो रिकामा करायला फार वेळ लागला नाही. स्टोनफर्डच्या घरात ती पुन्हा सातही दिवस राहायला लागली. आता कुणाकडेही जेवायला जाता येत होतं. ईराचं निहारशी लग्न झालं, तेव्हा महिनाभर ती व्हँकूव्हरला राहून आली. मराठी मंडळात पुन्हा जायला लागली. लोक आदरानं खुर्ची द्यायचे, विजेच्या कारभाराबद्दल एखादा प्रश्न विचारायचे आणि आपापल्या घोळक्यात परत जायचे. इतकी वर्षं लांब राहिलेल्या माणसाशी काय बोलायचं, हे त्यांनाही कळत नव्हतं आणि तिलाही.

अकरा सालच्या एप्रिलमध्ये, बर्फ वितळत असताना, ती एक दिवस गाडी काढून त्या टाउनशिपकडे गेली. का, ते तिनं स्वतःलाही नीट विचारलं नाही. टॉवर उभे राहिले होते. तिनं कागदावर जिथे आखले होते तिथेच, पण कागदावरच्यापेक्षा फार उंच. ब्रूबॅकरांच्या शेताच्या फाटकाशी टेबल मांडून सिरपच्या बाटल्या विकायला ठेवल्या होत्या. मागे राई होती, मधोमध भांग पाडल्यासारखी कापलेली. टेबलामागे हिल्डा बसली होती, गुडघ्यांवर चादर घेऊन. तिनं मृणालिनीला लगेच ओळखलं.

मग मृणालिनी म्हणाली, "एक बाटली द्या."

हिल्डानं बाटली कागदात गुंडाळली. "यंदा थोडंच झालंय," ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"तुझी मैत्रीण?"

"त्याच मार्चमध्ये गेली."

हिल्डानं मान हलवली. "भेटलीस ते बरं केलंस. लोक काय काय बोलले, मी वाचलं. माझा मुलगाही बोलतो. मी त्याला सांगते, ती भेटायला गेली ती गोष्ट वेगळी आणि हे वेगळं." तिनं हनुवटीनं टॉवरकडे खूण केली. "हे तू चूक केलंस. अजून मला तसंच वाटतं. दलदल, विहिरी, सगळं ऐकलं मी. तरी चूकच."

"असेल," मृणालिनी म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्या दोन गोष्टी वेगवेगळ्या केल्या होत्या, आणि त्याही अशा बाईनं, जिचं सगळ्यात जास्त नुकसान झालं होतं. तिला वाटलं, खुर्ची ओढून हिच्याशेजारी बसावं, गुडघ्याचं विचारावं, पद्मजाबद्दल सांगावं. पण टेबलामागे एकच खुर्ची होती, आणि हिल्डानं काही दुसरी आणायला सांगितली नाही.

मागून एक गाडी येऊन थांबली. त्यातून उतरलेल्या बाईनं दोन बाटल्या मागितल्या आणि हिल्डा तिच्याकडे वळली. मृणालिनीनं बाटली शेजारच्या सीटवर ठेवली, पडू नये म्हणून तिला पट्टा लावला आणि गाडी सुरू केली. रस्ता दलदलीच्या कडेकडेनं जात होता. पाणी वर आलं होतं, आणि त्यात नुकतेच परतलेले हंस पोहत होते. तिनं गाडी हळू केली, जरा वेळ बघितलं आणि घरी गेली.